नवनाथचा हात

तयार मेनू स्नेहलला पहिल्या दिवसापासूनच आवडला नव्हता. मेनू म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये वरच्या पट्टीवर टिचकी मारली की खाली उघडते ती ओळींची यादी. ती आयती मिळते, पण तिच्यात मराठी अक्षरं इतकी बारीक आणि दाटीवाटीने बसायची की वेलांटी कुणाची नि उकार कुणाचा ते कळायचं नाही. शेखर गुरुजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "ताई, ह्यात शांत कुठली आणि श्राद्ध कुठलं? मला तर सगळ्या मुंग्याच दिसतात."

गुरुजींचं कार्यालय पंचवटीत, रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत. सत्यनारायणापासून दशक्रियेपर्यंत कुठलाही विधी असो, लोक तिथे येतात, दिवस-वेळ ठरवतात, पावती घेऊन जातात. नोंदींचा प्रोग्राम स्नेहलने लिहून दिलेला. इंदिरानगरातल्या घरी, देवघराशेजारच्या खोलीत बसून ती अशी कामं करायची. सकाळी दिवा लागल्याशिवाय आणि रोजचं स्तोत्र म्हणून झाल्याशिवाय ती की-बोर्डला हात लावत नसे. सासूबाई कौतुकाने शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईंचा कॉम्प्युटरसुद्धा आंघोळ करून बसतो."

तर मेनू आपणच घडवायचा, असं स्नेहलने ठरवलं. एकेक ओळ स्वतः रंगवायची. माउस वर आला की ओळीने कसं उजळायचं, बाणाचं बटण दाबलं की पुढच्या ओळीने कसं पुढे यायचं, नको म्हटलं की मुकाट कसं मिटायचं, सगळं हाताने लिहायचं. अक्षरं ठसठशीत, मधली जागा मोकळी. गुरुजींनी एकच अट घातली होती.

"मंगल कार्यं वर, उत्तरकार्य खाली. आणि मध्ये रेघ. एका पंगतीत बसवू नका ती."

तिने रेघ काढली, तांबडी. वर सत्यनारायण, वास्तुशांत, सहस्रचंद्रदर्शन आणि असंच बाकीचं. रेघेखाली अस्थिविसर्जन, दशक्रिया, श्राद्ध. उत्तरकार्यातली ओळ निवडली की नावाआधी 'कै.' आपोआप लागायचं आणि घरच्यांनी दिलेल्या सगळ्या नंबरांवर विधीचा मेसेज जायचा. दुःखात माणसं विसरतात म्हणून ही सोय. मंगल कार्याला तसंच निमंत्रण जायचं. गुरुजी खूश झाले. पेढा हातावर ठेवला.

काउंटरवर नवनाथ बसायचा. गिरणारे गावचा, चाळिशीचा माणूस, कपाळाला अष्टगंध, तोंडात कायम लवंग. त्याची एक रीत होती. समोरचं माणूस रडत असो की हसत असो, तो त्याच्या तोंडाकडे बघायचा आणि बोटं खाली आपापली चालायची. मेनूकडे तो बघतच नसे. बाण खाली, खाली, अजून खाली, एंटर. स्नेहलने एकदा विचारलंही होतं.

"नवनाथभाऊ, स्क्रीन बघत नाही तुम्ही?"

"ताई, बाप गेलेला माणूस समोर उभा असतो. आपण डबड्यात डोकं घातलं तर त्याला वाटतं, ह्याला आपलं काहीच नाही. ओळी कुठं पळून जात्यात का? जिथल्या तिथं असत्यात."

पितृपक्षात कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्नेहल एक दिवस प्रिंटर बघायला गेली आणि कोपऱ्यात उभी राहिली. श्राद्धामागून श्राद्ध. नवनाथचं बोट दर वेळी त्या लांबलचक मेनूत तळापर्यंत उतरत होतं. तिच्या मनात आलं, जे जास्त लागतं ते आपोआप वर आलं तर? मेनूने स्वतःच मोजावं, कुठली ओळ किती वेळा निवडली, आणि तिला वर सरकवावं. घरी येऊन तिने ते लिहिलं. पुण्याच्या मैत्रिणीला, निकिताला, व्हिडिओ कॉलवर दाखवलं. निकिता म्हणाली, "अगं, हे तर मोठमोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. तू एकटीने केलंस?"

एकटीने केलंस, हे ऐकून तिला किती बरं वाटलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. देवीलासुद्धा नाही.

मोजणी तिने तेव्हाच कार्यालयात चालू करून दिली, आणि मेनू मुकाट्याने मोजत राहिला. घट बसले, नवरात्र सुरू झालं. पंचमीला संध्याकाळी कार्यालय बंद व्हायच्या वेळी स्नेहल गेली आणि नवा मेनू चालू करून आली. नवनाथ घाटावर आरतीला गेला होता. थांबून त्याला सांगता आलं असतं. पण तिला वाटलं, नको. उद्या त्याचं त्यालाच कळू दे. तो फोन करील, म्हणेल, ताई, काय जादू केली! तो फोन कसा येईल, आपण काय म्हणू, हे सगळं मनात घोळवत ती अनवाणी पायांनी रिक्षात बसली. नऊ दिवस ती चप्पल घालत नसे.

मध्ये रेघ हवी, हे गुरुजींचं बोलणं तिला आठवलं होतं. पण ओळी जागा बदलायला लागल्या की रेघ कुठे काढणार? तिने ती काढूनच टाकली होती.

षष्ठीला दुपारी गुरुजींचा फोन आला. आवाज असा, की तिने हातातली भगर तशीच ठेवली.

"ताबडतोब या."

झालं होतं ते असं. मखमलाबादच्या सावळीराम काकडांना ऐंशी पूर्ण झालेली. हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाची शांत करतात, त्या सहस्रचंद्रदर्शनाची नोंद करायला त्यांचा मुलगा अमोल सकाळी कार्यालयात आला. दिवस कोजागिरीचा ठरला. निमंत्रणासाठी त्याने सगळ्या नातेवाइकांचे नंबर आणले होते. नवनाथने त्याच्या तोंडाकडे बघत, वडिलांची तब्येत विचारत, हसत हसत बोटं चालवली. बाण खाली, खाली, अजून खाली, एंटर. पावती अमोलने न वाचताच खिशात घातली. आणि पुतणे, भाचे, व्याही, जावई, सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज गेला: कै. सावळीराम काकड यांचा दशक्रिया विधी कोजागिरी पौर्णिमेस सकाळी रामकुंड येथे होईल.

षष्ठीपासून मोजलं तर कोजागिरी नेमका दहावा दिवस. कुणाला शंका यावी अशी जागाच नव्हती.

ज्याने त्याने मखमलाबादला फोन लावला. सगळ्यांनी एकदम लावल्यामुळे कुणाचाच लागेना. लागत नाही म्हटल्यावर खात्रीच पटली. सावळीरामांची बहीण चंद्रभागा वणीला दिलेली, सत्तरी उलटलेली. सून मेसेज वाचत होती आणि म्हातारी तिथेच खाली बसली. मग उठून डोक्यावरून पाणी घेतलं, घटाकडे पाठ केली, आणि घराला कुलूप लावून सगळे मिळेल त्या जीपने नाशिकला. घटापाशी अखंड दिवा तेवत होता. त्यात तेल घालायचं भान कुणाला?

मखमलाबादला म्हातारी पोचली ती दारातूनच गळा काढत शिरली. आणि भाऊ ओसरीवर शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खात बसलेला.

स्नेहल कार्यालयात पोचली तेव्हा ही सगळी मंडळी तिथे येऊन धडकली होती. पांढरी टोपी घातलेले सावळीराम बाकावर बसून सगळ्यांना सांगत होते, "माझ्या मोबाइलवर बी आला की! कैलासवासी सावळीराम. म्हटलं वाचून घ्यावं, नंतर कोण वाचून दाखवतंय." दोघं-तिघं हसले. कुणी म्हणालं, "बाबा, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं." चंद्रभागाबाई मात्र भिंतीला टेकून डोळ्यांना पदर लावून होत्या.

मधोमध नवनाथ उभा होता. गुरुजींचा आवाज चढला होता.

"जिवंत माणसाला कैलासवासी करतोस? इतकी वर्षं बसतोस ह्या जागेवर! डोळे कुठे असतात तुझे?"

नवनाथ फरशीकडे बघत होता. लवंग तोंडात होती की नाही कोण जाणे, जबडा नुसता घट्ट होता.

"ताई, तुम्ही बघा आधी," गुरुजी म्हणाले. "यंत्रात काही दोष आहे का?"

स्नेहल काउंटरमागे गेली. मेनू उघडला. श्राद्ध सगळ्यांत वर. त्याखाली अस्थिविसर्जन. त्याखाली, जिथे कालपर्यंत सहस्रचंद्रदर्शन होतं नेमकं तिथे, दशक्रिया. रेघ नाही.

तिला क्षणात सगळं कळलं. आणि कळल्यानंतर तिच्या बोटांनी जे केलं ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, कारण ते करताना तिने जरासुद्धा विचार केला नव्हता. तिने सेटिंग उघडली, खूण काढली, मेनू पहिल्यासारखा केला. तांबडी रेघ जागच्या जागी आली. मग ती म्हणाली, "यंत्रात तर काही दिसत नाही, गुरुजी."

आवाज तिचाच होता. नेहमीसारखा, मऊ.

"बघ," गुरुजी नवनाथला म्हणाले. "म्हणजे हातच चुकला तुझा."

नवनाथने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "चुकला असेल, गुरुजी."

"असेल नाही, चुकला! उद्यापासून काउंटरवर बसू नकोस. घाटावर ताटं पोचवायला जा. दसरा झाला की बघू, ठेवायचं की नाही ते."

सगळ्यांसमोर बोलले. तिथे पिंडाचं सामान घेऊन बसलेली परकी माणसं होती, वेदपाठशाळेचे विद्यार्थी होते, चहावाला होता.

घरी येऊन स्नेहलने हातपाय धुतले, घटावर माळ बांधली, आरती लावली. आरती म्हणताना तिसऱ्या कडव्याला ती अडखळली. सासूबाईंनी पुढचं म्हटलं. नंतर विचारलं, "उपास बाधला का गं? फळं तरी खा."

"खाते," ती म्हणाली. पण फळंही गेली नाहीत.

रोजचं स्तोत्र सकाळी तोंडातून निघालं, पण नुसतं तोंडातून. दर ओळीला वाटायचं, समोरची देवी ऐकत नाहीये. किंवा ऐकतेय आणि काही म्हणत नाहीये, ते त्याहून वाईट. आपण इतक्या सोज्वळ. आपल्याला सगळे शांत म्हणतात, गुणी म्हणतात, लेकींना आपलं उदाहरण देतात. आणि आपण एका क्षणात, डोळ्यांची पापणी न हलवता... तिला ते पूर्ण करवेना. सप्तमीला दोनदा गुरुजींचा नंबर काढला, दोनदा ठेवला. आता सांगितलं तर विचारतील, त्या वेळी का नाही सांगितलं? पहिल्या चुकीला उत्तर होतं. दुसरीला नव्हतं.

सप्तमीला संध्याकाळी गुरुजींचाच फोन. "ताई, एक करा. उत्तरकार्याची ओळ निवडली की प्रोग्रामने दोनदा विचारलं पाहिजे, खात्री आहे का म्हणून. जो कोणी बसेल त्याच्यासाठी. हातांचा भरवसा नाही राहिला."

"करते," ती म्हणाली. आणि ती बसली आणि तिने ते लिहिलंसुद्धा. 'खात्री आहे ना?' अशी अक्षरं तिने छान ठसठशीत काढली.

अष्टमीला सकाळी पुन्हा फोन. काकडांकडची म्हातारी वणीला परत जायला तयार नव्हती. दिवा विझला त्या घरात कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणून बसली होती. गुरुजी म्हणाले, "नवनाथला पाठवतोय, पाया पडून येईल. तुम्ही जा बरोबर. तुम्ही शांत बोलता. मेसेजचं त्यांनी काही विचारलं तर समजावून सांगा."

मखमलाबादला जाताना रिक्षात नवनाथ कडेला सरकून बसला होता. उजवा हात मांडीखाली दाबलेला. स्नेहलने विचारलं, "बरं आहे ना भाऊ?" तो म्हणाला, "हां ताई." एवढंच. द्राक्षबागांचे तारांचे मांडव दोन्ही बाजूंनी मागे जात होते. तिला म्हणायचं होतं, थांबवा रिक्षा. पण रिक्षा थांबवून काय सांगावं लागेल, हे तिला ठाऊक होतं आणि म्हणूनच ती बोलली नाही.

काकडांच्या ओसरीवर सावळीराम खाटेवर बसले होते. नवनाथला बघून म्हणाले, "या या, आमचे यमदूत आले! बसा. चहा ठेव रे अमोल."

"दादा, तू गप," आतून चंद्रभागाबाई आल्या. पायांत काही नाही, केस बांधलेले, चेहरा दोन दिवसांत उतरलेला. नवनाथ पुढे झाला, वाकला. म्हातारीने पाय मागे घेतले.

"कोणत्या हातानं लिव्हलं? ह्या? ह्याच हातानं जेवतो ना तू?"

"आजी, चुकलो. पदरात घ्या."

"काय पदरात घेऊ? लगीन करून वणीला आले तवापासून माझा नवरात्राचा दिवा कधी इझला नाय. कारभारी दवाखान्यात होते तवा बी नाय. पोरगा रानात साप चावून पडला तवा बी शेजारणीनं तेल घातलं. आन् आता इझला! कशापायी? तर भाऊ मेला म्हून. आन् भाऊ तर खिचडी खात बसलेला."

"आता काय, न खाता बसू का?" सावळीराम म्हणाले.

"तू गप म्हटलं ना! देवीनं इचारलं, चंद्रे, दिवा का इझला, तर काय सांगू? काउंटरवरचा माणूस आंधळा हाय म्हून?"

नवनाथ खाली मान घालून बसला. स्नेहल त्याच्या मागे दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हातारीची नजर तिच्या पायांवर गेली.

"तुझ्या पायात चप्पल नाय. नऊ दिस अनवाणी?"

"हो, आजी."

"उपास?"

"हो."

"घट बसवला हाय?"

"बसवलाय."

म्हातारीचा चेहरा जरासा सैल झाला. "ये. ह्या पाटावर बस. अष्टमीची सवाशीण दारात आली, तशी कशी जाऊ देऊ?" ती आत गेली. करंडा घेऊन आली, ओटीसाठी तांदूळ, सुपारी, खारीक. नवनाथला बाजूला सरकायला लावलं. "तुझ्यासारख्या लेकी हायेत म्हून तर देव टिकून हाय. न्हाईतर हे असे!" तिने 'हे असे' म्हणताना नवनाथकडे हात केला.

हळदी-कुंकवाने माखलेलं बोट स्नेहलच्या कपाळापाशी आलं.

"आजी, थांबा."

"काय झालं?"

"मला लावू नका."

"अडचण हाय का?"

"नाही. तसं नाही. आजी, हे ह्यांचं नाही. माझं आहे. मी केलं."

चंद्रभागाबाईंचं बोट तसंच राहिलं. सावळीरामांनी चहाची बशी खाली ठेवली.

स्नेहलने सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की मेनू, ओळी, मोजणं ह्यातलं काहीच तिला सोप्या शब्दांत सांगता येत नाहीये. "म्हणजे ती यादी असते ना, त्यात मी... ज्या जास्त लागतात त्या वर येतील असं केलं, आणि..." मग ती थांबली. पुन्हा म्हणाली, "स्वयंपाकघरात मिठाचा आणि साखरेचा डबा ठरल्या जागी असतो. मी ते डबे हलवले. कुणाला सांगितलं नाही. ह्यांनी रोजच्यासारखा हात घातला. आणि त्या दिवशी गुरुजींनी मला विचारलं, तेव्हा मी डबे गुपचूप जागच्या जागी ठेवले आणि म्हटलं, माझं काही नाही."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"का हलवले?" म्हातारीने विचारलं.

"मला वाटलं... हुशारी वाटली मला."

चंद्रभागाबाईंनी बोट पदराला पुसलं. करंड्याला झाकण लावलं. रागाने नाही, पण लावलं. "आन् मी ह्याला बोलत बसले," त्या म्हणाल्या. मग नवनाथकडे वळल्या, "तू का नाय बोलला रं?"

"मला कुठं ठाऊक होतं, आजी?" नवनाथ उभा राहिला होता. तो स्नेहलकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती. "मी म्हटलं हातच गेला माझा. माझ्या वडलांचं असंच सुरू झालं होतं, ताई. पहिल्यांदा हातातली वाटी पडली. मग चमचा. मग सगळी उजवी बाजूच गेली. त्या दिवसापासून घरी गेलो की मी तांदूळ निवडत बसतो, बोटं चालत्यात का बघायला. बायको म्हणते, वेड लागलं का तुम्हाला. काल डॉक्टरला हात दाखवून आलो. तो म्हणतो, काही नाही. मी म्हटलं, काही नाही कसं? जिवंत माणसाला मारलं ह्या हातानं."

"भाऊ, मी..."

"तुम्ही रिक्षात विचारलं, बरं आहे ना म्हणून."

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचीही लाज वाटली. आता रडून सगळ्यांना आपलीच समजूत काढायला लावायची की काय? तिने ओठ दाबून धरले.

सावळीराम खाटेवरून म्हणाले, "जाऊ द्या पोरीहो. मी मेलो नाही ना? मग भांडण कशाचं?"

"तुझं नाय चाललेलं हे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांनी ओटीचे तांदूळ परत सुपात घातले. "पोरी, कुंकू मी आज नाय लावणार. दसऱ्यानंतर कवा बी वणीला ये, तवा बघू. दिवा मी जाऊन लावीन परत. देवीला काय बोलायचं ते ती मला बोलंल. तू ह्याचं बघ."

बाहेर अंगणात येऊन स्नेहल म्हणाली, "भाऊ, मी गुरुजींना सांगते. आज संध्याकाळी जाते."

"आत्ता लावा फोन. माझ्यासमोर."

तिने लावला, आवाज मोठा ठेवला. सगळं सांगितलं. डब्यांचं नाही, सरळ सांगितलं. पलीकडून गुरुजी म्हणाले, "अहो, तुम्ही... तुमच्याकडून हे..." शेवटी, "द्या त्याला. नवनाथला द्या फोन."

नवनाथने फोन हातात घेतला नाही. "त्यांना म्हणा, उद्यापासून ये म्हणून फोनवर सांगू नका. बोलले तेव्हा सगळे होते तिथं. सांगतानाही सगळे असू द्या." मग स्नेहलकडे बघून म्हणाला, "तुम्हीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कार्यालयात दरवर्षी ह्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते. पळी-पंचपात्र, पंचांगं, नारळ सोलायची पहार, आणि चार वर्षांपासून कॉम्प्युटरसुद्धा. स्नेहल पोचली तेव्हा स्क्रीनला झेंडूची माळ घातलेली होती आणि हॉल भरलेला होता. गुरुजी, विद्यार्थी, घाटावरची मंडळी, नेहमीचा चहावाला. शिवाय बाकावर त्या दिवशीचे विधीवाले, कुणाच्या मांडीवर अस्थींचा कलश, कुणाच्या हातात वास्तुशांतीचं सामान. नवनाथ भिंतीशी उभा होता, धुतलेल्या सदऱ्यात.

सप्तमीला लिहिलेली 'खात्री आहे ना?'ची पाटी तिने पहाटे प्रोग्राममधून पुसून टाकली होती. गुरुजींना न विचारता. एवढं एकच काम तिने त्या आठवड्यात न घाबरता केलं होतं.

आरती झाली. गुरुजींनी घसा साफ केला. "एक मिनिट थांबा सगळे. ह्या ताईंना काही सांगायचंय." आणि ते बाजूला झाले. त्यांनी तिच्यासाठी एकही शब्द आधी पेरला नाही.

स्नेहल काउंटरपुढे उभी राहिली. हात पदराला गुंडाळलेले. "षष्ठीला जो मेसेज गेला, त्यात नवनाथभाऊंचा हात चुकला नव्हता," ती म्हणाली. "ओळींची जागा मी बदलली होती. आणि विचारल्यावर मी ते लपवलं."

चपलांच्या मांडणीपाशी कुणीतरी म्हणालं, "मागे काही ऐकू येत नाही, ताई!"

तिने तेच पुन्हा सांगितलं. आता जरा मोठ्याने.

"काय म्हणतात त्या?" कलशवाल्या म्हातारबाईंनी शेजाऱ्याला विचारलं.

"त्यांची काहीतरी चूक झाली म्हणतात."

"कशात?"

"कॉम्प्युटरचं काहीतरी."

"मग मोठ्यानं सांगा ना!"

आयुष्यात ती कुणावर ओरडली नव्हती. घरात नाही, रस्त्यात नाही. मोठ्या आवाजात ती देवळातसुद्धा बोलली नव्हती. तिने डोळे मिटले, मग उघडले. मिटून चालणार नव्हतं. "चूक माझी होती!" ती ओरडली, आणि आवाज फाटला. "मी खोटं बोलले! आळ ह्यांच्यावर येऊ दिला! ह्यांची काही चूक नव्हती!"

एका विद्यार्थ्याने मान खाली घातली. चहावाला किटली हातात धरून तसाच थांबला. तिच्या कानांच्या पाळ्या चुरचुरत होत्या, आणि सगळे आता तिच्याकडे बघत होते. हेच, ज्याला ती चार दिवस भीत होती.

गुरुजी पुढे आले. त्यांनाही जड गेलं. "नवनाथ, मी सगळ्यांदेखत तुला बोललो. मागे घेतो. बस तुझ्या जागेवर."

नवनाथ भिंतीपासून निघाला. काउंटरमागे गेला, खुर्ची पुढे ओढली, झेंडूची माळ जराशी बाजूला केली, कारण ती स्क्रीनवर येत होती. त्याने पहिल्या माणसाकडे पाहिलं, कलशवाल्या म्हातारबाईंच्या मुलाकडे.

"या काका. बोला, कोण गेलं?"

तो माणूस पुढे यायला निघाला आणि अडखळला. वाटेत स्नेहल उभी होती.

"ताई," नवनाथ म्हणाला, "बाजूला व्हा जरा. लोक खोळंबलेत."

ती बाजूला झाली. दाराकडे जायला वाट नव्हती, माणसं दाटीने उभी होती, म्हणून ती भिंतीशी उभी राहिली आणि नोंदीमागून नोंद होत गेली तशी ऐकत राहिली.